व्हिएन्नात अंडंही न खाणाऱ्या सासूसासऱ्यांना जेवायला कुठे न्यावं?

मीनल_सांगली

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरात आम्ही आठवडाभर व्हिएन्नाला येतोय. नवऱ्याचं तिथे कंपनीचं काम निघालंय, तेव्हा मी, लेक आणि सासूसासरेही बरोबर. टूर कंपनीतर्फे येत नाही, त्यामुळे सोबत महाराज नाही. जेवणाचं सगळं माझ्याच अंगावर आहे.

सासरे पक्के शाकाहारी. अंडं चालत नाही, केकमधलंही नाही. सासूबाईंचंही तसंच, शिवाय त्यांचे नवरात्राचे उपवास नेमके याच दिवसांत येतात. लेक सगळं खाते, तिची काळजी नाही.

नेटवर 'व्हिएन्नातली उत्तम शाकाहारी रेस्टॉरंट' अशा याद्या ढिगाने मिळतात, पण त्यांच्या 'व्हेजिटेरियन'मध्ये अंडं धरलेलंच असतं. व्हीगन जागा बघाव्यात तर सासरे म्हणतात, दूध नाही, दही नाही, मग पानात राहिलं काय? आणि रोज दोन्ही वेळा इंडियन रेस्टॉरंट नकोय. सासरे शाळेत संगीत शिकवायचे, व्हिएन्ना बघायची त्यांची जुनी इच्छा आहे आणि तिथलं काहीतरी खाऊन बघायचंय असं त्यांनीच सांगितलंय. तिथे राहणाऱ्यांनी किंवा नुकतं जाऊन आलेल्यांनी सविस्तर सांगा, प्लीज.

ओटाक्रिंगकर

मीनलताई, सासऱ्यांची इच्छा आहे ना, मग निम्मं काम झालं. मी इथे बरीच वर्षं राहते. माहेर वाईचं, घरात अंडं कधी आलं नाही, आणि आईबाबा इथे येऊन राहून गेलेत. तेव्हा तुमचा प्रश्न मला चांगला ठाऊक आहे. माझं मत आधीच सांगते: शाकाहारी रेस्टॉरंटांच्या यादीमागे धावू नका. साध्या व्हिएनीज गास्टहाउसमध्ये, म्हणजे इथल्या घरगुती खानावळीत, काय मागवायचं आणि काय विचारायचं हे कळलं की सासऱ्यांना या शहराचं खरं जेवण जेवता येईल.

पहिली गोष्ट, मेन्यूकार्डावरची अक्षरं. युरोपीय महासंघाच्या नियमामुळे डिसेंबर २०१४ पासून प्रत्येक हॉटेलला पदार्थात ॲलर्जीचे कुठले घटक आहेत ते सांगावंच लागतं. ऑस्ट्रियात त्यासाठी इंग्रजी अक्षरं ठरलेली आहेत आणि बहुतेक ठिकाणी ती पदार्थाच्या नावापुढे बारीक टायपात छापलेली असतात. ए म्हणजे ग्लूटेन, सी म्हणजे अंडं, डी मासे, जी दूध, एच सुकामेवा, एन तीळ. तुम्हाला सी आणि डी नसलेली ओळ शोधायची. छापलेलं नसेल तर वेटर तोंडी सांगतो, संकोच करू नका. बाबांना मी हे शिकवलं आणि दुसऱ्या दिवसापासून मेन्यूकार्ड त्यांच्या ताब्यात गेलं. चष्मा कपाळावर, कार्ड डोळ्यांजवळ, आणि वर्गात हजेरी घ्यावी तसं एकेक नाव वाचायचे: 'क्यासेश्पेट्सले, सी आहे, बाद.' 'तळलेलं एमेंटालर चीज, सी आहे, बाद.' चीज बाद कसं, हा प्रश्न पडेल तुम्हाला. तळायच्या आधी ते अंड्यात घोळवतात. मश्रूमचंही तेच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मांसाला अक्षर नाही, कारण ते ॲलर्जीच्या यादीत येत नाही. आणि इथल्या स्वयंपाकात मांस दिसत नाही अशा ठिकाणी असतं, ते म्हणजे रिंडसुप्पे, गोमांस उकळून काढलेलं पाणी. सूप बहुतेक त्यातच करतात. भाजीचं सूप असलं तरी विचारा, भोपळ्याचं असलं तरी विचारा. सगळ्यात फसवं म्हणजे बटाट्याचं सॅलड, एर्डॅप्फलझालाट. दिसायला निव्वळ बटाटा, कांदा, व्हिनेगर; पण गरम बटाट्यावर हेच पाणी ओतायची इथली रीत आहे. आमच्या घराजवळच्या गास्टहाउसमध्ये मी विचारलं तेव्हा वेटर आत जाऊन स्वयंपाक्याला विचारून आला, हे तुम्हाला चालणार नाही म्हणाला, आणि त्याऐवजी लोण्यात परतलेले, वर पार्सली भुरभुरलेले उकडलेले बटाटे घेऊन आला. बाबांनी ते दोनदा मागवले. व्यवस्थित विचारलं की लोक व्यवस्थित वागतात, हा माझा इथला अनुभव आहे.

हे वाक्य पाठ करा: 'बिटं ओने फ्लाइश, ओने फिश, ओने आय.' मांस, मासे, अंडं नको. त्याला जोडून श्पेक आणि श्माल्त्स हे दोन शब्द वेगळे विचारा. श्पेक म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, ते कोबीत आणि परतलेल्या बटाट्यात पडतात. श्माल्त्स म्हणजे डुकराची चरबी.

आता काय मागवायचं. क्राउटफ्लेकर्ल हा माझा सगळ्यात आवडता. साखर करपू न देता तांबूस करायची, त्यात कोबी आणि कांदा सावकाश परतायचा, शहाजिऱ्यासारखं इथलं क्युमेल घालायचं आणि चौकोनी पास्त्यात मिसळायचं. कोबीची गोडसर खमंग चव आपल्या जिभेला लगेच पटते. पास्ता कधी अंड्याचा असतो, तेवढं अक्षर बघा. पालकाची दाट भाजी आणि परतलेले बटाटे हेही साधं, घरचं जेवण. त्यावर तळलेलं अंडं घालून देतात, ते नको म्हणून सांगायचं. आणि हिरव्या सॅलडवर भोपळ्याच्या बियांचं तेल घालून मागा. स्टायरिया प्रांतातलं हे तेल बाटलीत जवळजवळ काळं दिसतं आणि ताटलीच्या कडेला पसरलं की गर्द हिरवं. भाजलेल्या बियांचा वास येतो. पांढऱ्या शर्टावर सांडू देऊ नका, डाग जात नाही.

एक संध्याकाळ हॉयरिगरला नक्की ठेवा. शहराच्या कडेला द्राक्षांचे मळे आहेत, तिथल्या मळेवाल्यांची ही घरगुती मद्यालयं. स्वतःची वाईन आणि स्वतःचे पदार्थ विकायची मुभा सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८४ मध्ये दिली, तेव्हापासूनची ही पद्धत. दारावर हिरवी फांदी लावलेली असली की उघडं आहे असं समजायचं. वाईन घ्यायलाच हवी असं नाही, द्राक्षाचा रस सगळीकडे मिळतो आणि छान असतो. फक्त ऑक्टोबरात 'श्टुर्म' नावाचं गढूळ, गोड पेय दिसेल, ते अर्धवट आंबलेलं असतं. रस समजून सासऱ्यांच्या हाती जायला नको.

तिथे काउंटरवर पदार्थ मांडलेले असतात, बोट दाखवून मागायचे. आपल्या कामाचं बरंच निघतं: राईचा काळा पाव, भोपळ्याच्या बियांचं पावावर लावायचं चीजसारखं लावण, लोणच्यातल्या काकड्या, मुळा, टोमॅटो, चीज. लिप्टाउअर नावाचं लाल मिरचीपुडीचं लावण फार चवदार असतं, पण जुन्या पद्धतीत त्यात ॲंकोव्ही मासे पडतात, म्हणून डी बघूनच घ्या. नॉयश्टिफ्ट आम वाल्डं या भागात अशी घरं एका रांगेत आहेत, ३५ए बस तिथे जाते.

सासरे चीजमधलं रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं विरजण, न खाण्याचं पाळत असतील तर डोंगरी चीज आणि पार्मेझान टाळा, ती वासराच्या रेनेटने लावतात. पाळत नसतील तर उगाच त्यांच्या डोक्यात घालू नका.

गोडाचं मात्र अवघड आहे. साखरटोर्टं हा चॉकलेटचा केक, काइझरश्मारन आणि पालाट्शिंकन ही गोड धिरडी, सगळ्यांत अंडं. सफरचंदाचा श्ट्रूडल जमण्यासारखा आहे. त्याचा पापुद्रा मैदा, पाणी आणि तेलाचा, जुन्या रीतीत अंडं नसतं. पण हल्ली सगळे तसा करत नाहीत, म्हणून अक्षर बघा. मनुका बऱ्याचदा रममध्ये भिजवलेल्या असतात. आणि सोबतचा व्हॅनिला सॉस नको, त्यात अंडं असतं. फेटलेली साय, श्लागओबर्स, मागा.

आता तुमच्या मूळ प्रश्नातल्या खास जागा. व्हीगनिस्टा ही दोन बहिणींनी २०१३ मध्ये नॉयश्टिफ्टगासेत सुरू केलेली आइस्क्रीमची दुकानं, आता शहरात बऱ्याच ठिकाणी आहेत. सगळंच व्हीगन, म्हणजे आजोबा आणि नात एकाच काउंटरवर एकच चव घेऊ शकतात. घरातल्या सगळ्यांना काही न विचारता खाता येणं याची किंमत आपल्यासारख्यांनाच कळते. आणि व्हीगनला सासरे घाबरतायत ते उलट आहे. व्हीगन पाटी दिसली की अंडं, रेनेट, रिंडसुप्पे, श्माल्त्स सगळे प्रश्न एकदम मिटतात. दही मुक्कामी येऊन खाऊ द्या.

टियान ही हिमेलफोर्टगासेतली, पॉल इविच यांची जागा. पूर्ण शाकाहारी, आणि मिशलिनचा तारा मिळवलेली. एकामागून एक छोटे पदार्थ येत राहतात, जेवण तासन्‌तास चालतं, बिलही तसंच येतं. एखादं गाजर किंवा कांद्याची एक पाकळी किती बोलू शकते हे तिथे समजतं. पण सासूसासऱ्यांना नेऊ नका. त्यांना ताटलीत काय शोधायचं तेच कळणार नाही आणि तुमचा जीव बिलाकडे. मुलीला त्यांच्याजवळ ठेवून तुम्ही दोघं जा. अंडं नको हे टेबल राखून ठेवतानाच लिहा.

दहीभात_लातूर

मी इथे टेक्निकल युनिव्हर्सिटीत शिकतो. ताईंनी सगळं सांगितलंय, मी फक्त स्वस्तातलं सांगतो.

डेर वीनर देवान, लिख्टनश्टाइनश्ट्रासे १०, शोटनटोरपासून चालत. २००५ पासूनची पाकिस्तानी खानावळ. हवं तेवढं खा, वाटेल तेवढे पैसे द्या, हीच तिथली पद्धत. डाळ, भाजी, भात नेहमी असतो. मांसाची भांडी त्याच टेबलावर शेजारी असतात हे सासऱ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर दारातून परत फिरायची वेळ येईल. आणि कृपा करून पोटभर जेवून दोन युरो ठेवू नका. ती जागा लोकांच्या नीतीवर चालते आणि ती चालत राहावी असं मला मनापासून वाटतं. महिनाअखेरीला मी तिथेच जेवतो.

बर्गर खायचा असेल तर स्विंग किचन, सगळं व्हीगन. लेकीला आवडेल. शाखा कुठे चालू आहे ते निघण्याआधी बघून घ्या.

नाशमार्क्ट या बाजारात फलाफेल मिळतं, पण तिथे पर्यटकांचा भाव लागतो. ब्रुनेनमार्क्ट बघा, यू६ मेट्रोने योझेफश्टेटर श्ट्रासेला उतरायचं. तुर्की दुकानं भरपूर, पालक आणि चीज भरलेली गरम पोळी तव्यावरून थेट हातात मिळते. फळं, कोथिंबीर, हिरव्या मिरच्याही तिथेच.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. इथल्या नळाला डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं, पहिली पाइपलाइन १८७३ची आहे. बाटली घरून आणा आणि भरत राहा.

रविवारी दुकानं बंद असतात. अडलं तर प्राटरश्टेर्न किंवा वीन मिटं स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं सापडतं. पाकिटावर पिवळं व्ही-लेबल बघा, पण त्याखाली 'व्हीगन' आहे की 'व्हेजिटेरियन' तेही वाचा, कारण दुसऱ्यात अंडं असू शकतं.

षड्ज_पंचम

सासरे संगीताचे शिक्षक हे वाचून राहवलं नाही. त्यांना वालनरश्ट्रासेत घेऊन जा. यू३च्या हेरेनगासे स्टेशनपासून दोन मिनिटांवर आहे. १८८०च्या सुमारास त्या रस्त्यावर एक शाकाहारी खानावळ होती आणि तिथे तरुण संगीतकार गुस्टाव्ह माहलर आणि ह्यूगो वोल्फ जेवायला बसत. माहलर तेव्हा वीस वर्षांचा. जर्मन संगीतकार वाग्नरच्या लेखनाचा त्याच्यावर प्रभाव होता आणि १८८०च्या नोव्हेंबरात त्याने मित्राला पत्रातून कळवलं की महिनाभरापासून मी पूर्ण शाकाहारी आहे. ती खानावळ आता नाही. पण या शहरात मांस न खाणं हे पाहुण्यांचं खूळ नाही, इथल्याच संगीतकारांनी ते करून पाहिलंय, हे तुमच्या सासऱ्यांना रस्त्यावर उभं राहून सांगा. माझ्या वडिलांना हे कळतं तर त्यांनी तिथून हलायला अर्धा तास लावला असता.

दुसरं, हायलिगनश्टाट. प्रोबुसगासेत बीथोव्हनचं संग्रहालय आहे. १८०२ मध्ये, बहिरेपण वाढत चाललेलं असताना, भावांना उद्देशून लिहिलेला त्याचा प्रसिद्ध मजकूर इथलाच. तो वाचून बाहेर पडलात की चार पावलांवर फारप्लात्स हा छोटा चौक लागतो, आणि तिथे मायर आम फारप्लात्स नावाचं हॉयरिगर आहे. त्या घरात बीथोव्हन १८१७ मध्ये राहिला होता. ओटाक्रिंगकर यांनी सांगितलेली संध्याकाळ तिथे घालवा. नॉयश्टिफ्टपेक्षा गर्दी जास्त, पण तुमच्या सासऱ्यांसाठी मी हीच जागा निवडीन.

मीनल_सांगली

किती लिहिलंत सगळ्यांनी! सासऱ्यांना वाचून दाखवलं. माहलरचा परिच्छेद त्यांनी वहीत उतरवून घेतलाय आणि अक्षरांची यादीही. मुक्कामाला किचन असलेलं अपार्टमेंट घेतलंय.

राहिला उपवास. सासूबाई म्हणतात, मी दूध-फळांवर राहीन, माझी काळजी करू नका. पण दिवसभर फिरायचं म्हणजे ते पुरणार नाही. घरून काय आणू आणि तिथे काय मिळेल? पेढे आणि साजूक तूप बॅगेत घालणार आहे.

ओटाक्रिंगकर

तूप आणि पेढे आणू नका! युरोपीय महासंघाबाहेरून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. कढीपत्ता, लिंबं, ताजी फळंही नकोत. भगर, शिंगाड्याचं पीठ, सैंधव, दाण्याचा कूट हे आणा, चालतं.

तूप इथे मिळतं. सुपरमार्केटात 'बुटरश्माल्त्स' मागा. पूर्ण शब्द वाचून घ्या, कारण नुसतं 'श्माल्त्स' लिहिलेला डबा शेजारीच असतो आणि तो चरबीचा असतो.

साबुदाणा सातव्या जिल्ह्यात प्रोझी नावाच्या दुकानात मिळेल. ते केरळच्या माणसाने काढलेलं आहे, बुर्गगासे-श्टाटहाले स्टेशनपासून जवळ. कच्चे शेंगदाणे, जिरं, ओला नारळ, कढीपत्ता सगळं असतं. रताळी कुठल्याही सुपरमार्केटात. राजगिऱ्याच्या लाह्या डीएमसारख्या दुकानात 'अमरांट, गेपुफ्ट' अशा नावाने धान्याच्या फळीवर असतात. त्यात काही मिसळलेलं नसतं. गरम दूध आणि साखर घातली की सासूबाईंची सकाळ झाली.

आणि टोप्फन! हा आपला चक्काच, पाव किलोच्या डब्यात तयार मिळतो. जास्त स्निग्धांशाचा घ्या, साखर आणि वेलची घालून फेटा, पंधरा मिनिटांत श्रीखंड. फडक्यात बांधून टांगायची गरज नाही. अष्टमीला आई इथे होती तेव्हा तिने हेच केलं आणि माझ्या ऑस्ट्रियन शेजारणीला वाटीभर दिलं. शेजारीण आता स्वतः करते, फक्त केशर जास्त घालते.

फिरताना भूक लागली तर ऑक्टोबरात मारोनीच्या गाड्या लागतात. लोखंडी पत्र्यावर चेस्टनट भाजतात आणि कागदाच्या कोनात देतात, सोबत बटाट्याच्या चकत्याही असतात. बटाटे त्याच पत्र्यावर परततात ज्यावर पीठ घातलेली थालीपिठं करतात, म्हणून उपवासाला मी ते घेणार नाही. चेस्टनट मात्र नुसतं भाजलेलं, त्याला मीठही नसतं. ते उपवासाला चालतं की नाही हे सासूबाईंनी ठरवायचं. माझ्या आईने चालवून घेतलं, आत्याने हात लावला नाही.

नऊ दिवसांपैकी कुठल्या दिवशी तुम्ही इथे असाल ते कळवा. हॉयरिगर आलटूनपालटून उघडी असतात, तुमच्या तारखांना कुठलं चालू आहे ते बघून सांगते. आणि शनिवार सकाळ मोकळी असेल तर ब्रुनेनमार्क्टच्या टोकाला इप्पेनप्लात्सवर या. त्या दिवशी शेतकरी स्वतः माल घेऊन येतात. मी तिथे भाजीला असतेच, सासूबाईंना भोपळे निवडायला मदत करीन.